तांबडी, काळी आणि सहा पौंड हवा

३ फेब्रुवारी

मामा,

आधी बातमी सांगते, तब्येतीचं नंतर विचारते. मला तीन गाड्या मिळाल्या आहेत. चालवायला, विकत नव्हे, तेव्हा मामींना म्हणावं एवढ्यात हरखून जाऊ नका.

चार वर्षं मी या मासिकाच्या कचेरीत खिडकीपाशी बसून वाचकांचे लखोटे फोडले आणि शेवटच्या पानावरचे तक्ते जुळवले. कुठल्या गाडीची टाकी केवढी, कुठलीची डिकी केवढी, सगळं तोंडपाठ. चालवून बघितलेली मात्र एकही नाही. आता गाड्यांची परीक्षा लिहिणारे गृहस्थ दुसरीकडे गेले आणि परवा संपादकबाईंनी मला आत बोलावलं. मेच्या अंकापर्यंत परीक्षेचं पान तू लिही म्हणाल्या, जमलं तर ते कायमचं तुझं, नाही तर पुन्हा खिडकी आणि लखोटे. मी विचार करून सांगते म्हणायला हवं होतं, पण तोंडातून हो निघून गेलं होतं. मामा, हे पान मला हवं आहे. किती हवं आहे ते मी आईलाही सांगितलेलं नाही, उगाच ती काळजी करत बसेल.

पहिलंच काम तीन स्पोर्टी गाड्यांचं आहे. काळी दांडगी आहे, इंजिन मोठं आणि जोर मागच्या चाकांवर. निळी मधली. तांबडी सगळ्यांत छोटी, हलकी आणि अगदी नवी. तुम्ही तीस वर्षं कारखान्याच्या चाचणीच्या रस्त्यावर नव्या गाड्या पळवल्यात आणि क्लच सोडायला मीही तिथेच शिकले, त्यामुळे पद्धत तुमचीच वापरणार आहे. दोष आधी, गुण नंतर, कंपनीचे आकडे सगळ्यांत शेवटी. आणि सकाळी चाकं थंड असताना पुढच्या दोन्ही चाकांतून सहा पौंड हवा सोडायची. यात काही बदल असेल तर कळवा. फोन करत नाही, कारण मागच्या वेळी निम्मा वेळ तुमच्या ‘काय?’ मध्येच गेला.

तुमची,
भिंगरी

*

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद घे आणि डोकं ताळ्यावर ठेव. फोनच्या लाईनमध्ये खरखर असते, माझ्या कानांना काही झालेलं नाही.

पद्धतीत काहीही बदल नाही. तीस वर्षं चालली ती पद्धत तुझ्या तीन गाड्यांसाठी मी कशाला बदलू? हवेचं तर मुळीच विसरू नकोस. कंपनीच्या पुस्तकातला आकडा पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा धरून लिहिलेला असतो. तू एकटी बसणार, म्हणजे चाकं दगडासारखी कडक लागणार आणि रस्ता हाताला कळणारच नाही. सहा पौंड सोडले की पुढची चाकं बोलायला लागतात.

एकच वळण तीनदा घे. पहिल्यांदा सावकाश, दुसऱ्यांदा हिंमत असेल तेवढ्या वेगाने, आणि तिसऱ्यांदा शेजारी एखादा बडबड्या माणूस बसवून. त्याची बडबड थांबली तर गाडीत काहीतरी बिघडलेलं आहे असं समज. ब्रेकवर पाय ठेवल्यावर पहिल्या इंचात काय होतं ते बघ, खरा स्वभाव तिथेच कळतो. आणि दिवे बघून गाडी चालवू नकोस. हल्लीच्या गाडीत बसलं की दिव्यांच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. आमच्या वेळी एक दिवा होता, तोही बहुधा गेलेला असायचा.

मी उत्तम आहे. आपली जुनी गाडी दर रविवारी तलावापर्यंत नेऊन आणतो. अजून लोण्यासारखी चालते. मामी बरोबर येत नाही, तिला माझं चालवणं आवडत नाही.

पान तुलाच मिळेल. तुझ्यासारखी तयार केलेली दुसरी कोण आहे त्यांच्याकडे?

तुझा,
मामा

*

२१ फेब्रुवारी

मामा,

झालं एकदाचं. नऊ दिवसांत तीन गाड्या चालवल्या, आणि अंक छापायला गेल्यावर निवांत लिहिते आहे.

काळीचे दोष आधी. क्लच इतका जड की दोन दिवस डावी पोटरी धरली होती. कचेरीच्या गल्लीत वळवायला तीनदा पुढेमागे करावं लागलं आणि मागचं पाहायची काच म्हणजे टपालपेटीची फट. गुण असे, की पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, ब्रेक जागच्या जागी लागतात आणि गिअर कडी बसावी तसा बसतो. निळीत वाईट म्हणावं असं काही नाही आणि आठवावं असंही काही नाही. सीट लांबच्या प्रवासाला छान, पण स्टिअरिंग इतकं हलकं की रिकाम्या बादलीत हात फिरवल्यासारखं वाटलं.

तांबडीने मात्र माझी निराशा केली. तिच्यावर माझा जीव जडला होता हो. खाली उभी केली तेव्हा कचेरीतले सगळे काहीतरी कारण काढून जिना उतरले. पण वळणावर घातली की नाक वळायलाच तयार नाही. मी स्टिअरिंग फिरवते, ती जरा विचार करते आणि मग रुंद रुंद जात राहते, टायर ओरडतात ते वेगळंच. बडबड्या म्हणून आमचे मुद्रितशोधक शेजारी बसवले होते. काळीत ते त्यांच्या साडूबद्दल बोलत होते, तांबडीत दुसऱ्या वळणानंतर एक शब्द नाही. शिवाय सुरुवातीलाच समोर एक पिवळा दिवा लागला तो काही विझेना. तुमचं वाक्य आठवलं आणि त्यावर कागदाची पट्टी चिकटवून टाकली.

तेव्हा पहिली काळी, मग निळी आणि शेवटी तांबडी. ‘दिसायला धावपटू, वळणावर आळशी’ असं मी लिहिलं ते संपादकबाईंना एवढं आवडलं की त्यांनी त्याचाच मथळा केला. पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघून हसल्या. मामा, मला वाटतं पान मिळतंय.

भिंगरी

*

१५ मार्च

चि. भिंगरीस,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आधी अंकाची वाट बघत होतो म्हणून लिहिलं नाही, आणि नंतर लिहायचं कसं ते कळेना.

अंक आला तेव्हा मी हवेत होतो. मामीला दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा ती कपडे वाळत घालायला निघून गेली. मग गुरुवारी आपल्या गाडीची चाकं बसली होती म्हणून एक चाक काढून कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात नेलं. हल्ली ते म्हाताऱ्याची मुलगी चालवते. तुझा अंक काखेत होताच, तिला दाखवल्याशिवाय मला राहवलं नाही. पंप चालू असताना तिने सगळं वाचलं आणि हवा किती ठेवली होती असं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, पुस्तकापेक्षा सहा पौंड कमी, आमची पद्धत आहे.

तिने पंपच बंद केला. मग माझ्यासमोर येऊन एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “काका, तुमच्या वेळच्या टायरची कड वीतभर उंच होती. या तांबडीच्या टायरची कड दोन बोटं आहे. तिथे हवा हीच हाडं. सहा पौंड काढून घेतल्यावर ती वळणार कशी? आणि हवेचा दिवा नाही लागला?”

मी चाक तिथेच ठेवून घरी आलो. काळीचे आणि निळीचे टायर जाड आहेत, त्यांनी सोसलं. तांबडीने नाही सोसलं. गाडी आळशी नव्हती, मीच तिचे पाय बांधले होते, आणि तेही तुझ्या हातून. चूक सगळी माझी आहे.

आता मी सांगतो तसं कर. गप्प बस. हे तुला, मला आणि टायरवालीला ठाऊक आहे, आणि तिला मी हात जोडून आलो आहे. मेमध्ये पान तुझं झालं की पुढे कधीतरी तांबडीबद्दल चार चांगले शब्द लिही. माझ्यामुळे तुझं पान गेलं तर मला सहन होणार नाही.

मामा

*

१९ मार्च

मामा,

तुमचं पत्र टपालात वरून तिसरं होतं. पहिलं होतं गणिताच्या एका शिक्षिकेचं. चोपन्न वर्षांच्या आहेत. आयुष्यभर समंजस करड्या गाड्या चालवल्या, या वर्षी धीर करून तांबडीची नोंदणी केली होती आणि माझी परीक्षा वाचून ती रद्द केली. त्यांनी माझे आभार मानलेत, मामा. वेळेवर सावध केलंत म्हणून. त्यानंतर दोन लखोट्यांनी तुमचा.

मी जिन्यात जाऊन ते वाचलं आणि तशीच संपादकबाईंच्या खोलीत गेले. बसायच्याही आधी सगळं सांगून टाकलं, हवेचं, दिव्याचं आणि कागदाच्या पट्टीचंही. पट्टीचं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या की मेच्या अंकात पहिल्या पानावर, तुझ्या नावानिशी, चूक झाली असं छापायचं. तिन्ही गाड्या पुन्हा चालवायच्या आणि नव्याने लिहायचं. पानाचं विचारायची मला हिंमत झाली नाही, पण त्यांनीच सांगितलं की वाचक काय म्हणतात ते बघून ठरवीन, आणि फार आशा धरू नकोस.

मला तुमचा राग आला आहे. हवेसाठी नाही. हवा मी सोडली, दिवा मी झाकला, मी काही लहान नाही. राग आला तो ‘गप्प बस’ वाचून. दोष आधी लिहायचा हे मला शिकवणाऱ्या माणसाने हे लिहावं याचं वाईट वाटलं.

फेरपरीक्षा नऊ एप्रिलला आहे. माझा माझ्या हातांवर सध्या विश्वास नाही. तुम्ही या. आणि एक विचारायचं होतं, दर रविवारी तलावापर्यंत जाणाऱ्या गाडीची चाकं बसतात कशी?

भिंगरी

*

२४ मार्च

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुझ्या मामांना न सांगता लिहिते आहे. ते तुला उद्या कळवतील की गुडघा दुखतो म्हणून येता येत नाही. गुडघा ठणठणीत आहे. काल माळ्यावर चढून त्यांनी स्वतः पंखा पुसला.

गाडी दोन वर्षांत जागची हललेली नाही. कारखान्यातल्या आवाजाने यांचे कान आधीच कमी झाले होते, मग एका चौकात मागून आलेल्या ट्रकचा भोंगा यांना ऐकूच आला नाही. आरशाला आरसा घासला, बाकी कुणाला काही झालं नाही. पण घरी येऊन यांनी किल्ली माझ्या सुयांच्या डब्यात टाकली आणि जेवले नाहीत. तेव्हापासून दर रविवारी छपराखाली उभ्या गाडीत बसून वर्तमानपत्र वाचतात. मी हाक मारली तर ऐकू येत नाही आणि काचेवर टकटक केलं तर दचकतात. डॉक्टरांनी कानाची यंत्रं दिली आहेत. ती शिट्टी वाजवतात म्हणून कपाटात पडून आहेत.

तुझ्या परीक्षेचं कळल्यापासून मात्र माणूस बदलला होता. पत्र आलं की दाढी करून वाचायला बसायचे. आता टायरवालीच्या दुकानापासून पुन्हा मुके झाले आहेत. तुझं पान आपण घालवलं असंच धरून बसलेत.

तूच त्यांना बोलाव. मी सांगून उपयोग नाही, मला नाही म्हणायची त्यांना पस्तीस वर्षांची सवय आहे. तुला नाही म्हणताना त्यांना त्रास होतो, तो होऊ दे.

तुझी,
मामी

*

२८ मार्च

मामा,

गुडघ्याचं पत्र मिळालं. बाकीचंही कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नका, घरात तुम्ही दोघंच असता.

जागा धरणाच्या कामासाठी बांधलेल्या जुन्या सिमेंटच्या रस्त्याची आहे. दोन्ही टोकांना फाटक, आत ट्रक नाही की भोंगा नाही, फक्त आपण आणि तीन गाड्या. यंत्रं घालून या किंवा न घालता या, मला तुमचे तळहात हवे आहेत. मी एकटीने लिहिलं आणि पुन्हा चुकलं तर तिसरी संधी मला कोणी देणार नाही. आणि माझा राग मी समोरासमोर काढणार आहे, तेवढी तयारी ठेवा.

आठ तारखेची दुपारची बस सोयीची आहे. मी थांब्यावर असेन.

भिंगरी

*

१७ एप्रिल

चि. भिंगरीस,

सुखरूप पोचलो. तू दिलेली शिदोरी मामीने तपासली आणि मुलगी नीट जेवत नाही असा निकाल दिला.

त्या दिवशी मी फार बोललो नाही, म्हणून आता लिहितो. तू तिन्ही गाड्यांची हवा तीनतीनदा मोजत होतीस तेव्हा मी हात खिशात घालून बाजूला उभा होतो. तू आधी माझी खरडपट्टी काढलीस ते बरं केलंस, नाही तर मी बसमध्ये परत जाऊन बसलो असतो. गप्प बस असं मी पुन्हा कुणाला सांगणार नाही.

तांबडी पहिल्या वळणाला मी सावकाशच नेली. यंत्रं शिट्टी मारत होती, ती काढून तुझ्या हातात दिली. दुसऱ्यांदा जरा जोरात घातली आणि तिचं नाक माझ्या मनात यायच्या आत वळलं. सिमेंटचा प्रत्येक सांधा तळहाताला लागत होता. इंजिन ऐकू येत नव्हतं पण सीटमधून, पायातून सगळं कळत होतं, गिअर कधी बदलायचा तेसुद्धा. मी उगाच दोन वर्षं त्या छपराखाली बसलो. उतरल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते तू पाहिलंस आणि काही विचारलं नाहीस. मला फार बरं वाटलं, भिंगरी.

आता निकालाचं. तांबडीचा मागचा बाक नुसता शोभेचा, त्यावर बॅग बसेल, माणूस नाही. खड्ड्यात आपटते. ब्रेक चांगले, पण काळीच्या ब्रेकला तोड नाही. काळीत वजन आहे, रुबाब आहे, ती हातात आली की गाडी चालवतोय असं वाटतं. तेव्हा पहिली काळी आणि दुसरी तांबडी. या वेळी हवा बरोबर आहे, त्यामुळे माझं म्हणणंही बरोबर आहे. तसं लिही आणि पान मिळव.

मामा

*

६ मे

मामा,

अंक सोबत पाठवते आहे. वाचायला बसाल त्याआधी सांगते, मी तुमचं ऐकलं नाही. तांबडी पहिली ठेवली आहे.

तुम्ही काळी पाव तास चालवलीत. तुम्हाला बसमध्ये बसवल्यावर मी परत गेले आणि तिन्ही गाड्या प्रत्येकी दोन तास चालवल्या. तासाभरानंतर काळीचा रुबाब उतरतो आणि पोटरी शिल्लक राहते. माणूस दमला की तिची वळणं चुकायला लागतात. तांबडी दोन तासांनीही पहिल्या मिनिटाइतकीच ताजी होती, आणि तिच्यात मीही. मागच्या बाकाबद्दल तुमचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं आहे. खड्ड्यांबद्दल तुमच्याहून कडक लिहिलं आहे. सही करायच्या आधी दोन दिवस थांबले, कारण तुमच्याविरुद्ध मी कधीच काही लिहिलं नव्हतं. पण पान गेलंच तर ते मला खरं वाटलेलं लिहून जावं असं वाटलं.

पहिल्या पानावर चूक छापली. त्रेचाळीस पत्रं आली, सगळी मीच फोडली. नऊ जणांनी मला मूर्ख म्हटलं आहे. शिक्षिकाबाई लिहितात की एवढ्यात तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, शनिवारी मी स्वतः चालवून बघणार आहे आणि हवा मोजायचं यंत्र पर्समध्ये घेऊन जाणार आहे.

काल संध्याकाळी संपादकबाईंनी बोलावलं. टेबलावर पत्रांचा गठ्ठा होता. म्हणाल्या, “कधीच न चुकणारं कोणी मिळालं असतं तर पान त्याला दिलं असतं. अजून तरी कोणी मिळालं नाही. तू घे.” यापुढे प्रत्येक परीक्षेच्या डोक्यावर चाकांतली हवा छापायची, एवढी त्यांची अट आहे. मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले. खाली वॉचमनने विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, खूप बरं वाटतंय.

मामा, रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

भिंगरी

*

११ मे

चि. भिंगरीस,

रागावलो होतो. सकाळी अंक आला, काळी दुसरी दिसली आणि मी मामीला म्हटलं की पोरीला शिंगं फुटली. मग तुझी चूक काढायची म्हणून तीनदा वाचलं. सापडली नाही.

दोन तासांचं तुझं म्हणणं खरं आहे. कारखान्यात आम्ही एक फेरी मारायचो आणि गाडी पुढच्याच्या हातात द्यायचो. दमलेल्या माणसाच्या हातात ती कशी चालते हे तीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. तू ते मला विचारलं नाहीस, जाऊन बघितलंस. आजवर तुझं लिहिणं वाचताना माझंच बोलणं छापून आल्यासारखं वाटायचं आणि मी खूश व्हायचो. या वेळी त्यात तू होतीस, आणि मी त्याहून खूश आहे.

मामीला वाचून दाखवायला घेतलं, पण खड्ड्यांपर्यंत आलो आणि अंक तिच्या हातात दिला. पुढचं तिने वाचलं. पान संपलं तिथे खाली तुझं नाव छापलं आहे. ते आम्ही दोघांनी मिळून वाचलं, मोठ्याने.

तुझा,
मामा